डाव्या दाराचा रंग

"हिरवा म्हणे! अरे, पण कुठला हिरवा? हिरव्याला काय आडनाव नाय काय? पोपटी हाय, शेवाळी हाय, बाटलीचा हाय. सांगून मोकळे, हिरवा मारा. आमी काय संडासाचं दार रंगवतोय?"

सालवडच्या त्या गाळ्यात मधोमध एक ताडपत्री टांगलेली होती. अलीकडे सुलूचं शिलाईचं मशीन, फोमचे तुकडे, रेक्झीनच्या गुंडाळ्या. पलीकडे तिच्या नवऱ्याचा, बळवंतचा, रंगाचा पसारा. ताडपत्रीतून दिसत काही नसे, ऐकू मात्र सगळं येई. आणि बळवंतला कुरकुरायला समोर माणूस लागत नसे, हातात पॉलिश पेपर असला की पुरे.

"बाटलीचा हिरवा घ्या," सुलू सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली. "आणि आत खजुरी चामडं. शोभून दिसेल."

"तुला विचारलं काय?"

"मग काय ताडपत्रीला विचारत होतात?"

पलीकडे तो खुदकन हसला आणि पेपर पुन्हा पत्र्यावर घासू लागला.

सव्वीस वर्षांचा संसार असा ताडपत्रीच्या दोन बाजूंनी चालला होता, आणि बरा चालला होता. बळवंत इथलाच. सुलू लग्न होऊन सिन्नरकडून आली. शिवायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. बोईसरच्या एका टेम्पोची फाटकी सीट तिने एकदा उसवून पाहिली आणि जशी उसवली त्याच्या उलट क्रमाने शिवून टाकली, तेवढंच तिचं शिक्षण. रंगांची नावंही तिची साडीच्या दुकानातली. बळवंत शेड कार्डावरचे नंबर सांगायचा, ती डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी म्हणायची. नावावरून त्यांचं कधी जुळलं नाही, रंगावरून कधी बिनसलं नाही.

गाडी चिंचणीजवळच्या एका वाडीतून टेम्पोवर चढवून आणली होती. विलायती, दोन दारांची, दोन सीटांची, लांब नाकाची, वर कापडी हूड. पन्नास वर्षं नारळाच्या झापांच्या मांडवाखाली उभी होती. मालक प्रफुल्लभाऊ, बासष्टीचे, नारळ-चिकूची वाडी, बोलायला गोड. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची. त्या दादांनी ती तरुणपणी डहाणूच्या एका पारशाकडून घेतली होती. दादा गेल्या श्रावणात वारले, आणि आता मार्गशीर्षात प्रफुल्लभाऊंच्या लेकीचं, राजनंदिनीचं, पालघरला लग्न होतं. जावयाने ही गाडी स्वतः चालवत मांडवात यावं अशी भाऊंची हौस.

"वहिनी, दादांच्या वेळी होती तशीच झाली पाहिजे," ते म्हणाले होते. "बाहेर हिरवी, आत खजुरी. हूड काळं."

सुलूने दारांची जुनी अस्तरं उसवली तेव्हा एक गोष्ट तिच्या लक्षात आली. डाव्या दाराला आतून उघडायचं हँडलच नव्हतं. तुटलेलं असतं तर खुंटी वाकलेली असती. इथे खुंटी सरळ होती आणि स्क्रू काढून पुन्हा जागच्या जागी नीट पिळून बसवला होता.

"हँडल जुन्या बाजारात मिळून जाईल, भाऊ."

"नको. त्या दाराला आतून नव्हतंच." भाऊ मोबाइलमध्ये काहीतरी शोधत होते. "बाहेरून उघडायचं."

"आणि शेजारी बसणाऱ्याने उतरायचं कसं?"

"शेजारी कुणी बसायचं नाही," ते म्हणाले. आणि मग, कुणी विचारलं नसताना, "कधीच कुणी बसलं नाही."

सुलूची एक पद्धत होती. सीट शिवायची तर माणूस बसवून. फोमवर माणूस बसला की पाठ कुठे टेकते, मांडी कुठे संपते, तिथे खडूने रेघ मारायची, तसा फोम कापायचा. म्हणून तर ट्रकवाले डहाणूपासून तिच्याकडे यायचे. रेघ मारून झाली की ती खडू कानामागे खोचून म्हणायची, "झालं. आता ही जागा तुमची." वर्षानुवर्षं म्हणत आली होती. ट्रकवाले हसायचे, तीही हसायची.

ड्रायव्हरच्या सीटचं माप प्रफुल्लभाऊंनी दिलं. शेजारच्या सीटवर बसायचं नाव त्यांनी काढलं नाही. बळवंतचं पोट त्या अरुंद जागेत मावेना. संध्याकाळी जागृती कामावरून आली. सुलूची लेक, तेवीस वर्षांची, काडीसारखी. तारापूरच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात, लॅबमध्ये कामाला.

"बस गं दोन मिनिटं. माप घेऊ दे."

जागृती लॅबच्या पांढऱ्या कोटासकट बसली. "आई, ही सीट ओली आहे का?"

"नवा फोम आहे. काल आलाय."

"गार लागतंय."

सुलूने खडूच्या रेघा मारल्या. पाठ, कंबर, मांडी. खडू कानामागे खोचला.

"झालं. आता ही जागा तुझी."

*

दुसऱ्या दिवशी बळवंतने दारावर खिडकी पाडली. जुन्या गाडीवर मूळ रंग कोणता ते बघायचं असलं की तळहाताएवढा तुकडा पाण्याच्या पेपरने घासत खाली जायचं. एकेक थर उघडा पडतो, पाण्यात खडा टाकल्यावर वर्तुळं उठावीत तसे एकात एक रंग दिसतात. उजव्या दारावर हिरव्याखाली अस्तराचा करडा लागला, मग लख्ख पत्रा. बॉनेटवर तेच. डिकीवर तेच.

डाव्या दारावर तो घासत बसला तो बसलाच.

"सुले, जरा इकडं ये."

हिरवा गेला होता, करडा गेला होता, पत्रा लागला होता. आणि पत्र्यावर, पत्र्याच्या आत मुरल्यासारखा, एक रंग होता.

"गुलबक्षी," सुलू म्हणाली.

"पण असला रंग गाडीला देतं कोण? आणि एकाच दाराला?"

सुलूने बोट फिरवलं. रंगाला कडा नव्हती, धार नव्हती, ब्रशचा वा फवाऱ्याचा माग नव्हता. कुठे गडद, कुठे फिका, खाली ओघळलेला. हे तिने हजारदा पाहिलं होतं, पण गाड्यांवर नव्हे. बादलीत.

"अहो, हा मारलेला रंग नाही. हा सुटलेला रंग आहे. कच्च्या रंगाचं लुगडं भिजलं की सुटतो तसा."

"लोखंडाला?"

तिने बोट उजेडाकडे धरलं. बोट ओलं झालं होतं. तिने ते चाटून पाहिलं, बाईच्या सवयीने, मीठ बघावं तसं. खारट होतं.

"समुद्राजवळ पन्नास वर्षं उभी होती," बळवंत म्हणाला. "पत्रा खारं पितो. लाल जातीचे रंग वर फुटतात, त्यात नवल नाय. खालचा रंग दाबायला सीलर मारतो दोन हात."

त्याने दोन हात सीलर मारला, वर बाटलीचा हिरवा. सगळी गाडी एकाच डब्यातल्या रंगाने एकाच दुपारी रंगवली. सकाळी सगळी गाडी हिरवी होती. डाव्या दारावर, खालच्या कडेला, बोटभर गुलबक्षी पट्टा उठला होता. वरून आडवा, सरळ. पाण्याची पातळी असावी तसा.

त्याच संध्याकाळी जागृती घरी आली तेव्हा तिच्या सलवारीच्या कडा ओल्या होत्या.

"कुठे पाय घातलेस?"

"कुठेच नाही. लॅबमध्ये काही सांडलं असेल." तिने सलवार वाळत टाकली. वाळल्यावर घोट्याजवळ फिकट गुलबक्षी रेघ राहिली.

"रंगाच्या कारखान्यात काम करते मी आई," जागृती हसून म्हणाली. "रंग नाही लागणार तर काय लागणार?"

*

रंग पसंत करायला म्हणून प्रफुल्लभाऊ थोरल्या बहिणीला घेऊन आले. विजयाताई, सत्तरीच्या पुढच्या, पांढरं लुगडं, बारीक अंबाडा. गाळ्यात आल्यापासून त्या गाडीकडे पाठ करून उभ्या होत्या, देवळात चपला राखत उभं राहावं तशा.

"ताई, बघ तरी. खजुरी चामडं कसं दिसतं सांग."

विजयाताई वळल्या. चामड्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. डाव्या दारापाशी गेल्या. पट्टा आता वीतभर वर आला होता. बळवंतने तीन वेळा घासून तीन वेळा हिरवा मारला होता, आणि तो तीन वेळा वर आला होता, प्रत्येक वेळी थोडा अधिक उंच. म्हातारीने त्यावर बोट टेकवलं, नाकाशी नेलं, आणि पदराला पुसलं.

"पहिल्या धुण्यात जाईल म्हनाली होती," त्या पुटपुटल्या. "दुकानदारानं सांगितलं होतं तिला."

"कोणाला?" सुलूने विचारलं.

"ताई, चल. रिक्षा थांबलीय." प्रफुल्लभाऊंचा आवाज पहिल्यांदाच गोड नव्हता. ते सुलूकडे वळले. "वहिनी, ते दार काळं करा. हिरवा धरत नसेल तर काळा मारा. पण तो रंग मला दिसता कामा नये."

बळवंतने दार काळं केलं. काळ्यावरही तो उठला. काळ्यावर तर जास्तच उठून दिसला.

मग बळवंत कुरकुरायचा थांबला.

सुलूला सगळ्यात आधी भीती वाटली ती याची. ताडपत्रीपलीकडे नुसता पेपर घासल्याचा आवाज येई, तोही मधेच थांबे, आणि बराच वेळ काहीच येत नसे. ती पलीकडे डोकावली तर हा स्टुलावर बसून दाराकडे बघत असायचा.

"अहो, माझ्याशी भांडा तरी."

"सुले," तो हळूच म्हणाला, "पोरीच्या कोटाला पट्टा कुठवर आलाय?"

तिने त्याला सांगितलं नव्हतं. त्याने स्वतःच दोरीवर बघितलं होतं.

गुडघ्याच्या वर आला होता.

सुलू मोजमाप करणारी बाई. ती टेप घेऊन बसली. कोट दोरीवर, गाडी गाळ्यात, मध्ये पाऊण किलोमीटर. तिने सीटवर पट्टा कुठवर आलाय ते खडूने खुणावलं, कारण आता खजुरी चामड्यावरही तो उमटू लागला होता, फक्त डाव्या सीटवर. जागृती त्या सीटवर बसली असती तर पट्टा तिच्या मांडीवर आला असता. कोटावर तो मांडीवरच होता. दुसऱ्या दिवशी दोन बोटं वर. कोटावरही दोन बोटं वर.

जागृतीने कोटाचा तुकडा कापून लॅबमध्ये तपासला होता.

"कुठलाच डाय नाही आई. आमच्याकडचा तर नाहीच. नुसतं मीठ लागलं. मिठाचं पाणी." ती हसली नाही. फणी पुढे केली. दातांत बारीक काळसर वाळू होती. "केस धुतल्यावरही येतेय. आणि मला सारखं वाटतंय की कुणीतरी मला थांब म्हणालंय. मी येतो, तू थांब."

"कोण म्हणालं?"

"माहीत नाही. पण ते आलेच नाहीत."

सुलूने त्या रात्री काही केलं नाही. सकाळी उजाडताच गाळा उघडला आणि डावी सीट टाक्यानिशी उसवली. फोम फेकला, नवा घातला. स्वतः त्यावर बसली. बेचाळीस इंची बैठक, हातापायांनी भरदार. बळवंतकडून खडूच्या रेघा मारून घेतल्या, आणि मोठ्याने, भिंतींना ऐकू जाईल असं म्हणाली, "झालं. आता ही जागा माझी. कळलं? माझी."

दुपारी जेवून परत येईपर्यंत फोम बसला होता. तिच्या मापाने नव्हे. काडीसारख्या मुलीच्या मापाने, अरुंद आणि खोल. तिने हात घातला. खळगा गार होता आणि ओला होता.

*

चिंचणीच्या वाडीत विजयाताई ओट्यावर सुपाऱ्या कातरत बसल्या होत्या. सुलू रिक्षा सोडून थेट त्यांच्यापुढे जमिनीवर बसली.

"ताई, त्या गाडीत शेजारी कोण बसलं होतं?"

अडकित्ता थांबला. "कुनी नाय."

"माझ्या मुलीच्या कंबरेवर पाणी आलंय," सुलू म्हणाली. ऐकणाऱ्याला वेड्यासारखं वाटेल हे तिला कळत होतं. म्हातारीला मात्र ते वेड्यासारखं वाटलं नाही, आणि हेच सुलूच्या काळजाला चटकन लागलं.

विजयाताई बोलू लागल्या. जमिनीकडे बघून, पाठ केलेलं म्हणावं तसं.

"दादा गाडी घेऊन निघाले व्हते. गावातनं नाय गेले, लोक बघतात म्हनून किनाऱ्यानं गेले. सुकतीला, पानी ओसरलं की, वाळू कडक असते. गाडी रुतली. दादा बैल आनायला चालत आले. तवर भरती आली. दुसऱ्या दिशी गाडी ओढून काढली."

"दादा एकटेच होते?"

"एकटेच चालत आले."

"आणि तुमच्या घरात दुसरं कोण होतं तेव्हा?"

"मी. प्रफुल्ल, तो ल्हान. आनि झुंबर, आमची मधली भयीन. एकोनीस वर्सांची." अडकित्ता पुन्हा चालू झाला, पण त्यात सुपारी नव्हती. "झुंबर त्याच दिशी मुंबईला गेली. मावशीकडं. मग तिकडंच ऱ्हायली."

"कशाने गेली मुंबईला?"

अडकित्ता नुसताच वाजत राहिला.

"ताई, कशाने गेली?"

"मला इचारू नको बाय. दादांनी शपथ घातलीय."

"दादा तर गेले."

"शपथ नाय गेली," विजयाताई म्हणाल्या.

सुलू उठली. फाटकापर्यंत आल्यावर म्हातारीने मागून हाक मारली. "गाडी कवा न्यायचीय?"

"परवा. त्रिपुरी पौर्णिमेला. भाऊंनी बाराचा मुहूर्त काढलाय."

विजयाताईंनी पाण्याच्या दिशेला मान वळवली. वाडीतून समुद्र दिसत नव्हता, ऐकू येत होता. "पुनवेला उधान असतं," त्या म्हणाल्या. "भरती बारालाच पुरी होते."

*

पौर्णिमेच्या सकाळी जागृतीला खोकला होता. पट्टा छातीवर आला होता. सुलूने तिला कामावर पाठवलं, मुद्दाम. बसपर्यंत स्वतः सोडलं. "आज गाळ्याकडे फिरकायचं नाही. काही झालं तरी. माझी शपथ आहे," ती म्हणाली, आणि शपथ हा शब्द तोंडातून निघाल्यावर तिला स्वतःचाच राग आला.

साडेअकराला प्रफुल्लभाऊ आले, नारळ, हार, पेढे घेऊन. विजयाताई रिक्षातून उतरून शटरपाशीच थांबल्या. गाडी चकाचक उभी होती. हिरवी, काळं हूड चढवलेलं, खटके लावलेले. भाऊंनी डाव्या बाजूला जाणं टाळलं. बळवंतने त्या दारावर हिरवं कापड टाकून ठेवलं होतं, आणि कापडातूनही ओल दिसत होती.

"छान झाली. दादा असते तर..." भाऊ बोलता बोलता थांबले.

रस्त्याच्या बाजूने जागृती येत होती. कामाचे अजून चार तास बाकी होते. अंगात पांढरा कोट. ती कुणाकडे बघत नव्हती. ट्रकने हॉर्न दिला तरी चाल मोडली नाही. ती गाळ्यात शिरली, कापड बाजूला सारलं, डावं दार उघडलं.

"जागृती!"

"माझी जागा आहे ना ती," जागृती शांतपणे म्हणाली. "मला थांबायला सांगितलंय."

ती आत बसली. दार लागलं. ते तिने ओढलेलं सुलूने पाहिलं नाही.

बळवंतने बाहेरचं हँडल दाबलं. दाबलं गेलं, दार उघडलं नाही. तो धावत उजवीकडे गेला. तेही उघडेना. किल्ली फिरली आणि फिरतच राहिली. हूडचे खटके त्याने काल स्वतः तेल घालून बसवले होते. ते आता तसूभर हलेनात.

"भाऊ, काय आहे हे?"

प्रफुल्लभाऊ भिंतीला टेकले होते. 

काचेतून सुलूला लेक दिसत होती. आत पाणी नव्हतं. चामडं, चकचकीत चाक, देवासाठी लावलेली झेंडूची माळ, सगळं कोरडं. पण जागृतीच्या कोटावर गुलबक्षी रंग चढत होता. खिशावरून. कॉलरकडे. तिच्या केसांच्या बटा खांद्यावरून उठल्या होत्या आणि हळूहळू, वाऱ्याशिवाय, वर तरंगत होत्या.

जागृतीने हनुवटी वर केली. पोहता न येणारा माणूस करतो तशी.

सुलूने रापी उचलली. चामडं कापायची, बोटभर रुंद पात्याची. गाडीच्या पायरीवर चढून ती हूडमध्ये घातली आणि ओढली. महिनाभर बसून तिने घातलेले दुहेरी टाके तिनेच फाडले. फटीतून दोन्ही हात आत घातले.

"जागृती! हात दे. दोन्ही हात दे माझ्याकडे."

दोन हात वर आले. थंडगार. बोटांची टोकं सुरकुतलेली, तासन्‌तास पाण्यात राहिल्यासारखी. सुलूने ती मनगटं धरली आणि ओढलं. लेक काडीसारखी होती, आणि ती हलत नव्हती. खालून कुणीतरी तिला धरून असावं तसं वजन होतं. ओढून घेणारं नव्हे, घाबरलेल्या माणसाने धरून ठेवावं तसं.

"ताई!" सुलू ओरडली. मागे वळून बघायची सोय नव्हती, हात सुटले असते. "विजयाताई, सांगा! काय आहे ते सांगून टाका. माझं पोर आहे हो आत!"

"ताई, नको," प्रफुल्लभाऊ म्हणाले. रडत होते. "पन्नास वर्षं झाली. राजनंदिनीचं लग्न आहे. ताई, नको."

एमआयडीसीतला बाराचा भोंगा झाला.

रंग कॉलरवर चढला. जागृतीचं तोंड मिटलं. घट्ट, श्वास धरून.

सुलूला मागून चपलांचा आवाज आला. हळू, म्हातारा. पांढरं लुगडं तिच्या कोपराशी येऊन थांबलं. विजयाताई गाडीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी काचेवर तळहात टेकवला, आणि बोलल्या ते सुलूशी नव्हे, भावाशी नव्हे.

"झुंबर गाडीत होती," त्या म्हणाल्या. "मी बघितली. गुलबक्षी लुगडं नेसली होती. पळू नये म्हनून दादांनी आतलं हँडल काढून खिशात घातलं नि तिला बसवली; रुतल्यावर आपलं दारबी किल्लीनं लावून आले. भरती आली तवा झुंबर गाडीतच होती, नि आमाला सगळ्यांना ठावं होतं."

खट्‌ असा हलका आवाज झाला.

डावं दार उघडलं. आतून, हळूच, उतरणाऱ्याने उघडावं तसं. विजयाताई एक पाऊल मागे सरकल्या, वाट दिली. आत जागृतीने मोठ्याने श्वास घेतला.

जागृतीचे दोन्ही हात तेव्हा सुलूच्या हातात होते.